मराठीत समजून, इंग्रजीत लिहून : डिचोलीतून सीए

माझं चौथीपर्यंतचं शिक्षण डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत झालं. पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीत. गोव्यातल्या खेड्यांमधून आलेल्या माझ्या वयाच्या कितीतरी मुलांची हीच वाट. सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत देता येत नाही. त्यामुळे डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची मुलं भेटली की एक प्रश्न हटकून येतो : ताई, आम्हाला हे झेपेल का? मी नोव्हेंबर २०२४ मध्ये फायनलचे, म्हणजे सीएच्या शेवटच्या परीक्षेचे, दोन्ही ग्रुप (विषयांचे गट) दिले आणि उत्तीर्ण झाले. या प्रश्नाचं माझं उत्तर ‘झेपेल’ असंच आहे. पण नुसतं तेवढं सांगून कुणाचा अभ्यास होत नाही. माझा कसा झाला ते इथे लिहिते.

बाबांचा खनिज वाहणारा ट्रक होता. आमच्या वाड्यावर तेव्हा बऱ्याच घरांपुढे ट्रक उभे असायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मधली काही वर्षं पुन्हा चालल्या आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. १६ मार्चपासून ट्रक कायमचा घराशी लागला. मी अकरावीला होते, कॉमर्सला. कर्जाचे हप्ते चालूच होते. बाहेरगावी राहून शिकण्याचा विषय घरात निघणंही शक्य नव्हतं. सीएचं मात्र जमण्यासारखं होतं. नोंदणी आणि परीक्षेचं शुल्क इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मानाने कमी, अभ्यासाची पुस्तकं सीएची परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूटच देते, घरी राहून अभ्यास करता येतो आणि आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या ऑफिसातल्या उमेदवारीला, लागलं की थोडा का होईना, स्टायपेंड मिळतो. आमच्या घराने हा हिशेब मांडला आणि मी बारावीनंतर फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, बसले.

फाउंडेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बारावीचा अभ्यास ताजा असेल आणि गणिताची भीती नसेल तर ते होतं. खरी परीक्षा पुढच्या टप्प्यापासून, इंटरमीजिएटपासून, सुरू होते. २०२० ची मे महिन्याची परीक्षा कोविडमुळे झालीच नाही, ती नोव्हेंबरच्या परीक्षेत मिळवली गेली. त्या दिवसांत इन्स्टिट्यूटच्या बोर्ड ऑफ स्टडीजचे मोफत ऑनलाइन क्लास फार उपयोगी पडले. गावात नेटवर्क घराच्या एकाच कोपऱ्यात यायचं, तिथे खुर्ची टाकून बसायचं. पहिला ग्रुप निघाला. दुसऱ्या ग्रुपचा निकाल आला तेव्हा चारही विषयांत मला चाळीसच्या वर गुण होते, आणि तरी ग्रुप नापास.

बाहेरच्या माणसाला हे पटकन कळत नाही. सीएला प्रत्येक विषयात किमान ४० गुण लागतात, आणि शिवाय त्या ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के. म्हणजे चार विषय असतील तर बेरीज २०० व्हायला हवी. प्रत्येक विषयात काठावर तरलेला विद्यार्थी बेरजेत बुडतो. घरी आईला हे समजावताना मला स्वतःला ते नीट समजलं : इथे सगळे विषय थोडे थोडे येऊन चालत नाही. निदान एक-दोन विषयांत साठच्या पुढे जायला हवं, म्हणजे बाकीच्यांना आधार मिळतो.

मी उत्तरपत्रिकांच्या प्रमाणित प्रती मागवल्या. निकालानंतर ठरावीक मुदतीत शुल्क भरून त्या मिळतात, आणि माझं मत असं की ज्यांचा ग्रुप राहिला असेल त्यांनी त्या मागवाव्यातच. ऑडिटच्या पेपरात पाच गुणांच्या उत्तराला दोन, चाराच्या उत्तराला दीड असे गुण पडले होते. उत्तरं चुकीची म्हणावीत अशी नव्हती. कुठे निष्कर्ष बरोबर होता आणि त्यामागचा नियम लिहिलेला नव्हता. कुठे नियम होता, पण प्रश्नात दिलेल्या कंपनीला तो का लागू होतो, हे वाक्यच नव्हतं. मला ते माहीत होतं. कागदावर आलं नव्हतं.

तिथून माझी अभ्यासाची पद्धत बदलली. मला जे सांगायचं आहे त्याचा गाभाही हाच.

सीएच्या थिअरीच्या प्रश्नाला उत्तराचा एक साचा असतो. आधी नियम, मग दिलेली वस्तुस्थिती त्या नियमाशी जुळवून दाखवायची, मग निष्कर्ष. प्रोफेशनल एथिक्समधला एक सोपा प्रश्न घ्या. एका सीएने परिपत्रक काढून व्यापाऱ्यांकडे काम मागितलं, तो दोषी आहे का? दोषी आहे, हे कुणीही सांगेल. गुण मात्र या क्रमाला मिळतात : सीए कायदा, १९४९ च्या पहिल्या परिशिष्टातल्या भाग १ मधला क्लॉज ६ सांगतो की परिपत्रक, जाहिरात, व्यक्तिगत पत्रव्यवहार अशा मार्गांनी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, या प्रकरणात परिपत्रक पाठवून काम मागितलेलं आहे, म्हणून तो या क्लॉजखाली दोषी. तीन वाक्यं. त्यातलं एक गेलं की गुण गेले.

मग मी रोज संध्याकाळी लिहायला बसू लागले. वाचायचं सकाळी, संध्याकाळी फक्त लिहायचं. १८० मिनिटांत १०० गुणांचा पेपर, म्हणजे पाच गुणांना नऊ मिनिटं. घड्याळ समोर ठेवून नऊ मिनिटांत हाताने एक उत्तर लिहायचं, मग इन्स्टिट्यूटचं सजेस्टेड आन्सर (नमुना उत्तर) उघडून त्याच्याशी ओळीने ताडायचं. आपल्या उत्तरात जे नाही ते लाल पेनाने समासात उतरवायचं. सुरुवातीला समास पूर्ण लाल व्हायचा. ही पद्धत कंटाळवाणी आहे, हात दुखतो, आणि वाचनातून जसं ‘आज चार चॅप्टर झाले’ असं समाधान मिळतं तसं यात मिळत नाही. तरीही तासभर जास्त वाचण्यापेक्षा मी तासभर लिहिणंच निवडेन.

आता भाषेचं. मराठी शाळेतून आलेल्यांना वाटतं की सीएला भारी इंग्रजी लागतं. मला तसं दिसलं नाही. लागणारी इंग्रजी थोडी, ठरलेली आणि साधी असते. सजेस्टेड आन्सर्स लक्ष देऊन वाचा : ‘इन द गिव्हन केस’, ‘अकॉर्डिंगली’, ‘सिन्स द कंपनी हॅज’, ‘देअरफोर, द कंटेन्शन इज नॉट टेनेबल’. वीस-पंचवीस वाक्यांचे सांगाडे आलटून पालटून येतात. अवघड असतो तो विचार, आणि तो ज्या भाषेत पक्का होतो त्याच भाषेत करावा. मी एक वही केली. डाव्या पानावर मराठीत : हा नियम कशासाठी आला, तो नसता तर काय बिघडलं असतं. उजव्या पानावर तोच मुद्दा परीक्षेच्या इंग्रजीत, दोन-तीन वाक्यांत. डावं पान जमलं नाही तर उजवं पाठ करून उपयोग नाही, कारण प्रश्न जरा फिरवून विचारला की पाठांतर उत्तर देत नाही.

या वहीची डावी पानं बऱ्याचदा बाबांशी बोलून भरली. त्यातला एक प्रसंग सविस्तर सांगते.

फायनलला फायनान्शिअल रिपोर्टिंगमध्ये इंड एएस १६ आणि इंड एएस ३७ ही दोन अकाउंटिंग स्टँडर्ड (हिशेब मांडण्याचे नियम) एकत्र येतात तो भाग : खाण, तेलविहीर, कारखाना असं काही उभारलं आणि काम संपल्यावर जागा पूर्ववत करून देण्याची जबाबदारी असेल, तर त्या खर्चाची तरतूद सुरुवातीलाच करायची. मी सोप्यावर बसून हे मोठ्याने वाचत होते. बाबांनी विचारलं, “खड्डा बुजवायचा दहा वर्षांनी, मग खर्च आज कसा धरणार गो?”

मी म्हटलं, “डोंगर आज उघडला म्हणून.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे उघडला त्या दिवशीच देणं लागलं.”

इंड एएस ३७ मधला ‘प्रेझेंट ऑब्लिगेशन’ (आजच लागू झालेलं देणं) हा मुद्दा याहून नेमका मला कुठल्याही क्लासमध्ये कुणी सांगितला नव्हता. मग मी त्यांना आकडे घालून दाखवले. समजा दहा वर्षांनी १० लाख रुपये लागणार आहेत आणि डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या रकमेची आजची किंमत काढायचा दर, १० टक्के आहे. आजची किंमत येते ३,८५,५४३ रुपये. एवढी रक्कम आज देणं म्हणून दाखवायची आणि तेवढीच मालमत्तेच्या किमतीत मिळवायची. मालमत्तेवर दरवर्षी घसारा जाईल. देणं मात्र वाढत जाईल, पहिल्या वर्षी ३८,५५४ रुपयांनी, आणि ती वाढ व्याजासारखी फायनान्स कॉस्ट म्हणून खर्चात जाईल. दहाव्या वर्षाच्या शेवटी देणं बरोबर १० लाख होतं. बाबांनी कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः दहा वेळा गुणलं आणि आकडा जुळल्यावर समाधानाने मान हलवली. मग विचारलं, “आणि मध्येच बुजवायचा खर्च वाढला तर?”

इंड एएस १६ चं अपेंडिक्स ए नेमकं याच प्रश्नाचं उत्तर आहे. कॉस्ट मॉडेल असेल, म्हणजे मालमत्ता मूळ खर्चावर धरलेली असेल, तर अंदाजातला बदल त्या मालमत्तेच्या किमतीत मिळवायचा किंवा वजा करायचा. मी तो भाग आधी वेगळा, तुटक असा वाचला होता. बाबांच्या प्रश्नामुळे तो आपल्या जागी जाऊन बसला. ज्यांनी आयुष्यभर खनिज वाहिलं आणि गावाभोवतीचे पाण्याने भरलेले खड्डे रोज पाहिले, त्यांना या तरतुदीमागचा न्याय समजावून सांगावा लागला नाही. अकाउंटिंग स्टँडर्ड म्हणजे कुठल्यातरी दूरच्या कंपन्यांसाठी केलेले नियम, ही माझी समजूत त्या संध्याकाळी गेली.

आर्टिकलशिपनेही असंच केलं. मी २०२१ मध्ये जुन्या योजनेत लागले, त्यामुळे माझी तीन वर्षं. २०२३ पासून आलेल्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली आहेत. आमचं ऑफिस छोटं, पण कामं तऱ्हेतऱ्हेची : गेस्ट हाउस, हार्डवेअरची दुकानं, सहकारी सोसायट्या, देवस्थानांचे हिशेब. गोव्यात आर्टिकलशिप केलेल्याला एक गोष्ट पहिल्याच सीझनमध्ये शिकावी लागते, माझ्या वेळी ती होती आयकर कायदा, १९६१ चं कलम ५ए. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा चालत आली आहे आणि त्यानुसार पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, धंद्याचा नफा, व्याज, दोघांत अर्धं अर्धं विभागून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. पगार ज्याचा त्याच्याकडे राहतो. रिटर्नमध्ये त्यासाठी वेगळं शेड्यूल असतं, त्यात जोडीदाराचा पॅन, कुठल्या शीर्षाखालचं किती उत्पन्न तिकडे गेलं, टीडीएस किती गेला, सगळं भरावं लागतं.

ऑनलाइन अभ्यासगटात मुंबई-पुण्याच्या मुली होत्या, त्यांनी हे कलम वाचलं होतं पण भरलं कधीच नव्हतं. मी शेकड्याने भरलं होतं. पहिल्या दिवसांत नुसतं भरत गेले. नंतर एका गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंनी विचारलं, “धंदा ह्यांच्या नावावर, मग मला नोटीस कशी आली?” त्यांना समजावण्यासाठी मी पहिल्यांदा कलम पूर्ण वाचलं, त्याचा शब्द न् शब्द. कायद्याच्या दृष्टीने त्या अर्ध्या उत्पन्नाच्या धनी होत्या, आणि ते त्यांना माझ्याकडून त्या दिवशी कळलं. त्या नंतर दरवर्षी स्वतः येऊन आपलं रिटर्न वाचून सही करू लागल्या. ही आठवण मला फार मोलाची वाटते.

जीएसटीचा रिव्हर्स चार्ज, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर, तर आमच्या परसातच होता. एप्रिल-मे मध्ये आई काजूच्या बिया डिचोलीच्या व्यापाऱ्याला विकते. न सोललेल्या, कवचासकटच्या काजू बिया शेतकऱ्याने नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकल्या तर कर विकणाऱ्याने नाही, विकत घेणाऱ्याने भरायचा. त्या यादीत काजूबरोबर विडीची पानं, तंबाखूची पानं, कच्चा कापूस असं बरंच आहे. यादी पाठ होत नाही म्हणून रडणाऱ्यांना मी सांगते की कारण धरा : विकणारे असंख्य, लहान, नोंदणी नसलेले, आणि घेणारा मोजका, वह्या ठेवणारा. त्याच्याकडून कर घेणं सोपं. हे कारण धरलं की यादीचा बराच भाग आपोआप आठवतो. आणि त्याच काजूच्या बोंडांपासून केलेली फेणी मात्र जीएसटीच्या बाहेर, कारण माणसाने प्यायची दारू घटनेनेच जीएसटीतून वगळलेली आहे. एकाच झाडाची दोन फळं, दोन वेगळे कायदे. हा प्रश्न मी स्वतःच तयार करून स्वतःच सोडवला होता.

पण ऑफिसचं ज्ञान आणि परीक्षेचं ज्ञान यात एक फट असते, ती वेळीच ओळखली पाहिजे. परीक्षेला कायद्यातले कुठपर्यंतचे बदल लागू, याची तारीख ठरलेली असते. नोव्हेंबर २०२४ च्या परीक्षेला प्रत्यक्ष कराचा भाग वित्त कायदा २०२३ नुसार, करनिर्धारण वर्ष २०२४-२५ साठी होता. आणि २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्प आला, त्यात भांडवली नफ्याचे दर बदलले. शेअर्सवरच्या दीर्घकालीन नफ्याचा दर १० वरून साडेबारा टक्के, सूट १ लाखावरून सव्वा लाख. बातम्यांत, घरात, ऑफिसात सगळीकडे नवे दर, आणि आम्हाला लिहायचे जुने. तेव्हा मी बातम्या बघणं बंद केलं. परीक्षेआधीचे महिने रिव्हिजन टेस्ट पेपर हाच माझा कायदा होता. त्यात त्या परीक्षेला लागू असलेल्या सुधारणा इन्स्टिट्यूट स्वतः देते. बाहेरची भारंभार नोट्स घेण्याआधी तो शेवटच्या पानापर्यंत वाचावा, एवढं मी आग्रहाने सांगेन.

आर्टिकलशिप संपल्यावर मी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसू लागले. डिचोलीहून बसने म्हापसा, तिथून कदंबची शटल, आणि ग्रंथालय बसस्टँडपासून चालत जाण्याइतकं जवळ. १८३२ मध्ये स्थापन झालेलं हे ग्रंथालय देशातलं सर्वांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय मानलं जातं, आणि नाव आहे सोळाव्या शतकात मराठीत लिहिणाऱ्या गोव्यातल्या कवीचं. दारातून आत जाताना मला दर वेळी त्याचं बरं वाटायचं. आत अभ्यासाला बसलेले बरेचसे सरकारी नोकरीच्या, बँकेच्या परीक्षांचे. सीए फायनलच्या आम्ही तिघी होतो. दुपारी डबा खाल्ल्यावर आम्ही एकमेकींच्या उत्तरपत्रिका तपासायचो. नियम ठरलेला होता : तपासताना मैत्री बाजूला. जे कागदावर नाही त्याला गुण नाहीत, ‘मला म्हणायचं होतं’ हे ऐकून घ्यायचं नाही. मडगावची मैत्रीण ऑडिटमध्ये हुशार, ती माझ्या प्रत्येक उत्तरात एसए ७०१, ७०५ आणि ७०६ या ऑडिटच्या स्टँडर्ड्सची सरमिसळ शोधून काढायची. ‘की ऑडिट मॅटर’ (ऑडिटमधली महत्त्वाची बाब) म्हणजे काय, ऑडिटरने मत बदलणं म्हणजे काय आणि वाचकाचं लक्ष वेधणं म्हणजे काय, या तीन गोष्टी तिने माझ्या डोक्यात वेगळ्या केल्या. मी तिला करांचे विषय समजावून द्यायची.

इकॉनॉमिक लॉज, स्ट्रॅटेजिक कॉस्ट हे नव्या योजनेतले सेल्फ-पेस्ड (आपल्या सोयीच्या वेळी पुरे करायचे) विषय आणि सक्तीचे आयटीचे, व्यवस्थापनाचे कोर्स हे सगळं फायनलच्या आधी आटपावं लागतं. ते शेवटच्या महिन्यांवर ढकलू नये, एवढंच त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं.

सप्टेंबरमध्ये चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. आमच्याकडे सगळी भावकी एकत्र येते, माटोळी बांधायची, भजन, आरत्या. घरच्यांनी मला सांगितलं की तू खोलीतच बस, पण चवथीला खोलीत बसणं मला पटेना. पहाटे चार ते आठ अभ्यास केला आणि मग पूर्ण दिवस घरच्यांबरोबर राहिले. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. वर्षभर चालणाऱ्या तयारीत माणसांपासून तुटून जगता येत नाही.

परीक्षेचं वेळापत्रक आधी १ नोव्हेंबरपासून होतं. दिवाळीमुळे ते पुढे गेलं आणि पहिला पेपर ३ नोव्हेंबरला आला. ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी. गोव्यात आदल्या रात्री गावोगाव नरकासुराचे पुतळे उभे राहतात आणि पहाटे जाळेपर्यंत स्पीकर थांबत नाहीत. आमच्या वाड्यावरचे मुलगे आदल्या दिवशी घरी येऊन म्हणाले, “ताई, आमी बॉक्स वझऱ्याकडे नेतो, तुजो पेपर आसा न्ही?” आणि खरंच त्यांनी साउंड वाड्याच्या दुसऱ्या टोकाला नेला. मी ती रात्र झोपले. पहाटे आईने फोव (पोहे) केले, ते खाऊन मी पुस्तकं घेऊन मेरशीला मावशीकडे गेले, कारण परीक्षेचं केंद्र पणजीत होतं आणि पेपराच्या दिवशी बसची चिंता नको होती.

३ तारखेला भाऊबीज, आणि त्याच दिवशी फायनान्शिअल रिपोर्टिंग. पेपर दुपारी २ ते ५, आधी पंधरा मिनिटं वाचायला. त्या पंधरा मिनिटांत मी एकच गोष्ट केली : पर्यायी प्रश्नांतला कुठला सोडायचा ते ठरवलं, आणि पुढे तो निर्णय बदलला नाही. नव्या योजनेत ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांचे आहेत आणि फायनलला त्यात चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. संध्याकाळी भाऊ डिचोलीहून आला, मावशीने आम्हाला पाटावर बसवलं, ओवाळून झालं आणि तो लगेच परत गेला. जाताना पेपर कसा गेला हे त्याने विचारलं नाही. आमच्या घरात ते आधीच ठरलं होतं : सहाही पेपर होईपर्यंत झालेल्या पेपराचं नाव काढायचं नाही. एक दिवसाआड पेपर असताना मधला एक दिवस फक्त पुढच्याचा असतो. मागचा उगाळत बसलं तर तो हातचा जातो.

शेवटचा पेपर, इंटिग्रेटेड बिझनेस सोल्यूशन्स, १३ नोव्हेंबरला. हा ओपन बुक असतो, चार तासांचा, पाचांतल्या चार केस सोडवायच्या. मे २०२४ ला तो पहिल्यांदा झाला होता, म्हणजे आमच्या हाताशी आधीचा एकच पेपर. पुस्तकं न्यायला परवानगी आहे म्हणून सॅक भरून नेणारे खूप दिसले. मी माझी वही, स्टँडर्ड्सची पुस्तकं आणि स्वतः हाताने केलेली सूची नेली : कुठला विषय कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर. एका केसला एक तास असतो, आणि त्यात करकायदा, ऑडिट, अकाउंटिंग सगळं एकाच कंपनीच्या गोष्टीत गुंफलेलं असतं. पुस्तक उघडून शिकायला वेळ नसतो, आधीच माहीत असलेलं कलम खात्रीसाठी बघण्यापुरताच असतो. सूची करण्यात गेलेला आठवडा माझ्या मते पूर्ण तयारीतला सर्वांत फळलेला आठवडा. ती करताना सगळे विषय एकमेकांना कुठे टेकतात ते पहिल्यांदा एकत्र दिसलं.

निकाल २६ डिसेंबरला रात्री लागला. दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी देशभरात साधारण साडेतेरा टक्के उत्तीर्ण झाले. माझ्या नावापुढे दोन्ही ग्रुपना पास दिसल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो गुणांचा नव्हता. “तो खड्ड्याचा प्रश्न आला होता काय?” नव्हता आला. पण तरतुदींवरचा दुसरा एक आला होता, आणि तो मी त्याच रीतीने सोडवला होता, हे त्यांना सांगितलं.

ग्रंथालयातल्या तिघींपैकी दोघी त्या वेळी सुटलो. मडगावच्या मैत्रिणीचा एक ग्रुप राहिला होता. ती लगेच पुन्हा तयारीला लागली. मी तिच्या उत्तरपत्रिका फोटो मागवून तपासत राहिले, पूर्वीच्याच नियमाने.

आता रविवारी सकाळी गावातली आणि शेजारच्या गावांतली मुलं घरी येतात. काही फाउंडेशनची, काही इंटरची. मी शिकवत नाही, शिकवायला ऑनलाइन भरपूर आहे. मी तपासते. म्हणून येणाऱ्यांना एकच अट घातली आहे : येताना एक लिहिलेलं उत्तर आणायचं. विषय कुठलाही चालेल, इंग्रजी अडखळलेलं असलं तरी चालेल, पण घड्याळ लावून, हाताने लिहिलेलं हवं, आणि मागच्या पानावर तोच मुद्दा मराठीत. बहुतेकांचं मागचं पान पुढच्यापेक्षा चांगलं असतं. मग आम्ही मागच्या पानावरून सुरुवात करतो आणि एकेक वाक्य पुढच्या पानावर आणतो.